रुंदी कुणी मोजायची?

दसऱ्याच्या मुहूर्तावर धाकट्या भावानं नवी एसयूव्ही घेतली. आधी अंबाबाईला, मग जोतिबाला नेऊन आणली. चाकांखाली लिंबू, बॉनेटवर झेंडूचा हार, तालमीतल्या पोरांना पेढे, सगळं रीतसर झालं. गाडी देखणी आहे, दमदार आहे, आणि घरात तिच्याबद्दल कुणाची मोठी तक्रार नाही. पण पहिल्याच संध्याकाळी ती कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या बोळाच्या तोंडाशी आली तेव्हा दोन्ही आरसे मिटावे लागले. भावजय खाली उतरून हातानं खुणा करू लागली. एका बाजूला जिन्याची पायरी, दुसऱ्या बाजूला पाण्याच्या मीटरची पेटी. शेजारच्या काकूंना स्वयंपाक सोडून बाहेर येऊन स्कूटर हलवावी लागली. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी हेच चाललं आहे. काकू अजून काही बोलत नाहीत, पण गाडीचा आवाज आला की आपणहून किल्ली घेऊन बाहेर येतात, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटतं.

याच बोळातून आमच्या वडिलांची मारुती ८०० वर्षानुवर्षं आली-गेली. तिची रुंदी होती १.४४ मीटर. आज रस्त्यावर सर्रास दिसणारी स्कॉर्पिओ-एन १.९१७ मीटर रुंद आहे, आणि उघडे आरसे त्याहून बाहेर येतात. फरक दीड फुटाहून थोडा जास्त. भावाची गाडी साधारण याच मापाची. आमचा बोळ सर्वांत अरुंद जागी आठ फूट, म्हणजे २.४४ मीटर. वजाबाकी केली तर दोन्ही बाजूंना मिळून दोन फूटसुद्धा उरत नाहीत. त्यात पायरीही आली, पेटीही आली आणि समोरून येणारा माणूसही आला.

लोक लांबीला घाबरतात, पण जुन्या पेठांत अडवते ती रुंदी. लांब गाडी दोनदा मागे-पुढे करून वळवता येते. रुंद गाडीला मागे-पुढे करून काहीच उपयोग नसतो; ती बसते किंवा बसत नाही. कोल्हापूरचं जुनं गाव तटाच्या आत वाढलेलं. गंगावेस, रविवार वेस ही नावं अजून रोजच्या बोलण्यात आहेत आणि बिंदू चौकात तटाचे बुरूज आजही उभे आहेत. माणूस, घोडा, फार तर बैलगाडी, एवढ्या मापानं आखलेले हे बोळ. राजारामपुरीसारख्या आखून वसवलेल्या, क्रमांकाच्या गल्ल्यांत जरा मोकळीक होती, पण तिथंही आता दोन्ही कडांना गाड्या लागल्या की मधून एकच वाहन कसंबसं जातं.

मग गाड्या रुंदच का होत चालल्या? सुखसोयी आणि सुरक्षिततेची कारणं आहेतच, आणि ती खोटी नाहीत. पण एक कारण आपल्या कराच्या नियमातही आहे, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. आपल्याकडे गाडी लहान की मोठी हे ठरतं लांबीवरून आणि इंजिनाच्या आकारावरून. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, ठरावीक क्षमतेपर्यंतच्या इंजिनाच्या गाडीवर १८ टक्के जीएसटी लागतो, आणि त्यावरच्या गाडीवर ४० टक्के. त्याआधीच्या नियमात एसयूव्ही ओळखताना जमिनीपासूनची उंचीसुद्धा मोजली जात होती. रुंदी तेव्हाही मोजली जात नव्हती, आताही नाही. तीन दारांची थार लांबीला ३.९८५ मीटर, चार मीटरच्या रेषेच्या जेमतेम आत. रुंदीला मात्र १.८२ मीटर. लांबीतला एकेक सेंटिमीटर कंपनीला महाग पडतो आणि रुंदीतला फुकट मिळतो. तो फुकटचा सेंटिमीटर काकूंच्या दारातून जातो.

इमारतीखालच्या पार्किंगचंही तसंच. मोटारीसाठी अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा हे आपल्याकडचं रूढ माप. त्यात पावणेदोन मीटरहून रुंद अशा दोन गाड्या शेजारी-शेजारी लागल्या की मधल्या फटीत दार पुरतं उघडत नाही. आमच्या आईला गुडघ्यांचा त्रास आहे. तिला आधी रस्त्यावर उतरवायचं आणि मग गाडी आत न्यायची, हा आता नेम झाला आहे. उतरणंही सोपं नाही, कारण सीट उंच आणि पायदान जादा पैसे देऊन बसवायचं. म्हणून डिकीत एक प्लास्टिकचं स्टूल कायम असतं. इतकी महाग गाडी, आणि नऊवारीतल्या बाईला तिच्यात चढायला स्टूल लागतं, याचा विचार ती आखताना व्हायला हवा होता. आपल्याकडे एसयूव्ही एकट्यादुकट्यासाठी घेतली जात नाही. आजी-आजोबांना घेऊन देवदर्शनाला जायचं म्हणूनच ती घेतली जाते.

बाकीच्या बारीक कटकटींत मी फार शिरत नाही. गुऱ्हाळावरून आणलेला दहा किलोचा गुळाचा रवा पुढच्या सीटवर ठेवला की गाडीला तो माणूस वाटतो आणि पट्टा लावा म्हणून ती टीं-टीं करत राहते. हा इशारा, ताशी ८० च्या वर वाजणारी सूचना आणि मागचे पार्किंग सेन्सर १ जुलै २०१९ पासून सक्तीचे झाले, आणि ते योग्यच झालं. गूळ मागच्या सीटखाली ठेवावा, एवढंच. एसी कमी करायला पडद्यावर बोट फिरवावं लागतं आणि तेवढा वेळ नजर रस्त्यावरून हटते, हे मात्र मला पटत नाही. हाताला न बघता सापडणारं गोल बटण जास्त सुरक्षित होतं.

डिझेलचा मुद्दा मोठा आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले, आणि डिझेल गाडीच्या धुराच्या वाटेत काजळी पकडणारी एक गाळणी आली. तिला डीपीएफ म्हणतात. ती भरत आली की आत साचलेली काजळी जाळून टाकावी लागते, आणि त्यासाठी सहाशे अंशांच्या आसपास तापमान लागतं. घरापासून लक्ष्मीपुरी, तिथून गुजरी, परत घर, असं दोन-दोन किलोमीटर थांबत थांबत चालणाऱ्या गाडीत ते तापमान येतच नाही. भावाच्या गाडीत तिसऱ्याच आठवड्यात पिवळा दिवा लागला. सांगण्यात आलं की गाडी हायवेवर वीस-पंचवीस मिनिटं एका वेगानं पळवा. म्हणून आता तो रविवारी कागलपर्यंत जाऊन येतो, काही काम नसताना. सातारा-कागल सहापदरीकरणाच्या कामामुळं तिथंही एक वेग फार वेळ टिकत नाही. आणि रस्त्यावरच्या पट्ट्या बघून गाडीला आपल्या लेनमध्ये ठेवणारी यंत्रणा, जुन्या-नव्या पट्ट्या एकमेकींत मिसळल्या की स्टिअरिंगला नको तिथं हिसका देते. त्याने ती बंदच करून टाकली आहे.

याच डिझेल गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांत युरियाचं द्रावणही भरावं लागतं. त्यात ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध केलेलं पाणी असतं. ते पूर्ण संपू दिलं तर बंद केलेली गाडी पुन्हा चालू होत नाही. उसाच्या या जिल्ह्यात घरोघरी युरियाची पोती असतात, त्यामुळं कुणाच्याही मनात येईल की घरचाच युरिया पाण्यात कालवून ओतावा. कृपा करून तसं करू नका. शेतीच्या खतातल्या इतर घटकांनी धूर शुद्ध करणारी महागडी यंत्रणा निकामी होते.

दिवसाला किती किलोमीटर, आणि त्यांतले किती थांबत थांबत, हे दोन प्रश्न गाडी विकताना भावाला कुणी विचारले नाहीत. विचारले असते तर त्यानं पेट्रोल गाडी घेतली असती.

इथपर्यंतचा त्रास घेणाऱ्याचा आहे, आणि तो त्यानं पैसे मोजून घेतला आहे. मला जास्त काळजी वाटते ती बॉनेटपुढच्या माणसाची. आमच्या बोळात संध्याकाळी लहान मुलं खेळतात. उंच बॉनेटच्या अगदी पुढ्यात उभं असलेलं चार वर्षांचं मूल ड्रायव्हरच्या सीटवरून दिसत नाही. मी स्वतः बसून पाहिलं आहे. मागच्या बाजूला सेन्सर सक्तीचे, पुढच्या बाजूला नाहीत. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या महामार्ग-सुरक्षा संस्थेनं २०२३ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. ४० इंचांहून उंच बॉनेटच्या गाडीची धडक पादचाऱ्याच्या जिवावर बेतण्याची शक्यता, ३० इंच किंवा त्याहून कमी उंच आणि उतरत्या बॉनेटच्या गाडीपेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त, असं त्यात आढळलं. चाळीस इंच म्हणजे साधारण एक मीटर, माणसाच्या कमरेची उंची. उंचावरचे पांढरे झगझगीत दिवेही असेच समोरच्याच्या डोळ्यांत जातात. रात्री रंकाळ्याकडून स्कूटरवर येणाऱ्याला विचारा. आणि या सगळ्यावर काही जण पुढं लोखंडी गार्ड बसवतात. केंद्र सरकारनं २०१७ च्या डिसेंबरमध्येच त्यांना मनाई केली आहे. पादचाऱ्याला ते घातक असतात, आणि धडक झाली तर एअरबॅग वेळेवर उघडण्यातही अडथळा आणतात. ते बसवणाऱ्या आणि बसवून घेणाऱ्या दोघांनाही हे माहीत असतं.

मी गाड्यांच्या विरोधात नाही. कोल्हापुरात तसं कुणी असूच शकत नाही. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत मोटारींचेच भाग ओतले जातात आणि हजारो घरांची चूल त्यावर पेटते. खड्डे आहेत, एकत्र कुटुंब आहे, आणि २०१९ आणि २०२१ चा पूर अजून अंगावर आहे. उंच गाडी घ्यावीशी वाटण्याची ही कारणं खरी आहेत. देशात २०२४-२५ मध्ये विकल्या गेलेल्या सुमारे ४३ लाख प्रवासी वाहनांपैकी जवळजवळ २८ लाख याच वर्गातली होती. म्हणूनच हा एका भावाचा आणि एका बोळाचा प्रश्न राहिलेला नाही.

रस्ता कुणाचा हा प्रश्न या शहरानं एकदा फार हिमतीनं विचारला आहे. शहरातल्या रस्त्यांवर नऊ टोलनाके बसले तेव्हा एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यामागे सगळ्या पेठा उतरल्या, आणि शेवटी सरकारला टोल रद्द करावा लागला. त्या आंदोलनात चारचाकीवाला, रिक्षावाला, दुचाकीवाला एका रांगेत होते. आज त्याच रस्त्याचा किती भाग एका गाडीनं व्यापायचा हे आपणच आपल्यात ठरवायचं आहे, आणि ते जास्त अवघड आहे.

तरी काही गोष्टी करता येण्यासारख्या आहेत. महापालिकेनं अंबाबाई मंदिराच्या परिसरात पार्किंगचे दर गाडीच्या आकारानुसार ठेवावेत. पॅरिसनं फेब्रुवारी २०२४ मध्ये नागरिकांचं मतदान घेतलं आणि बाहेरून येणाऱ्या जड एसयूव्हींचं पार्किंग शुल्क तिप्पट केलं. आपण तिप्पट करू नये, पण दीड फूट जास्त जागा खाणाऱ्यानं थोडं जास्त द्यावं यात अन्याय नाही. सरकारनं कर ठरवताना रुंदी मोजावी आणि पुढच्या बाजूचे सेन्सर उंच गाड्यांना सक्तीचे करावेत. विक्रेत्यांनी मायलेजच्या आकड्याशेजारी आरशांसह रुंदीचा आकडा मोठ्या अक्षरांत लावावा.

आणि दिवाळीपाडव्याला किंवा गुढीपाडव्याला गाडी घरी आणायचा बेत असलेल्यांना एक विनंती. शोरूमवाले टेस्ट ड्राइव्ह हायवेवर देतात. तुम्ही ती आपल्या दारापर्यंत आणायला सांगा. त्याआधी बोळाच्या सर्वांत अरुंद जागी टेप धरा, त्यातून आरशांसह गाडीची रुंदी वजा करा, आणि उरलेल्या जागेत घरातलं सर्वांत म्हातारं माणूस दार उघडून उतरू शकतं का, ते प्रत्यक्ष पाहून मगच बुकिंगचे पैसे भरा.