ब्रिग्ज हरले, ब्रिग्ज यांचा कायदा जिंकला

जॉन ब्रिग्ज यांचे नाव आज निघते ते एका पराभवासाठी. कॅलिफोर्नियाच्या राज्य सिनेटमधील ह्या रिपब्लिकन सभासदाने १९७८ साली समलिंगी शिक्षकांना सरकारी शाळांतून हुसकावून लावण्याचा प्रस्ताव जनतेपुढे मांडला आणि जनतेने तो धुडकावून लावला. पुरोगामी मंडळी ही कहाणी मोठ्या समाधानाने सांगतात. परंतु ७ नोव्हेंबरच्या त्याच मतपत्रिकेवर ब्रिग्ज यांचाच दुसरा एक प्रस्ताव होता आणि तो ७१ टक्के मतांनी मंजूर झाला, हे सांगावयाचे मात्र राहून जाते. लोकप्रतिनिधीचे मोजमाप त्याच्या गाजलेल्या भाषणांवरून करावयाचे नसते. कायद्याच्या पुस्तकात त्याने मागे काय ठेवले, यावरून करावयाचे असते. ह्या कसोटीवर ब्रिग्ज पराभूत नव्हेत, विजयी ठरतात.

ऑरेंज काउंटी ह्या सनातनी बालेकिल्ल्यातून ब्रिग्ज १९६६ साली असेंब्लीवर आणि १९७६ साली सिनेटवर निवडून आले. त्यांचा डोळा मात्र गव्हर्नरपदावर होता. १९७७ च्या जूनमध्ये फ्लोरिडातील मायामी परिसरात समलिंगी नागरिकांना संरक्षण देणारा स्थानिक कायदा सार्वमताने रद्द झाला. द्वेषाला मते पडतात, हा धडा घेऊन ब्रिग्ज घरी परतले.

त्यांनी हाती घेतलेले हत्यार विचार करण्याजोगे आहे. रेल्वे कंपनीच्या दावणीला बांधलेल्या विधिमंडळाला शह देता यावा, म्हणून कॅलिफोर्नियातील सुधारकांनी १९११ साली सह्या गोळा करून थेट जनतेपुढे कायदा मांडण्याचा अधिकार मिळविला होता. दुबळ्यांसाठी घडविलेले हे हत्यार विधिमंडळात बसलेल्या माणसानेच उचलले आणि दुबळ्यांवरच चालविले.

सहावा प्रस्ताव केवळ समलिंगी शिक्षकांपुरता नव्हता. समलिंगी संबंधांचे उघड समर्थन करणाऱ्या कोणत्याही शाळा-कर्मचाऱ्याची नोकरी त्यामुळे जाऊ शकली असती. म्हणूनच शिक्षक संघटना आणि कामगार संघटना विरोधात उभ्या राहिल्या. हार्वे मिल्क आणि सॅली गिअरहार्ट यांनी जाहीर वादसभांत ब्रिग्ज यांचा समाचार घेतला. कार्यकर्ते दारोदार फिरले. रोनाल्ड रेगन यांनीसुद्धा विरोध केला. प्रस्ताव ११ लाखांहून अधिक मतांनी आपटला.

सातव्या प्रस्तावाविरुद्ध अशी फळी उभी राहिली नाही. विधिमंडळाने गव्हर्नर जेरी ब्राउन यांचा नकाराधिकार ओलांडून १९७७ सालीच मृत्युदंडाचा कायदा केला होता. तो ब्रिग्ज यांना मिळमिळीत वाटला. त्यांनी देहान्त शासनास पात्र ठरणाऱ्या गुन्ह्यांची यादी वाढविली आणि खुनासाठीच्या कारावासाच्या मुदतीही वाढविल्या. शिवाय सार्वमताने झालेला असा कायदा विधिमंडळाला आपल्या अधिकारात बदलता येत नाही. त्यासाठी पुन्हा मतदारांकडेच जावे लागते. ब्रिग्ज यांनी १९८१ साली सिनेट सोडली, २०२० साली त्यांचे निधन झाले; कुलूप तसेच राहिले.

फळ काय मिळाले? १९९२ ते २००६ ह्या काळात १३ जणांना देहदंड दिला गेला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने १९७८ पासूनचा ह्या व्यवस्थेचा खर्च सुमारे ४०० कोटी डॉलर काढला. शिक्षा झालेल्यांपैकी बहुतेकांना स्वतःचा वकील परवडत नाही आणि सरकारने नेमलेल्या वकिलासाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागते. ह्या कायद्याचा मसुदा करणारे वकील डोनाल्ड हेलर आणि ब्रिग्ज यांचे चिरंजीव रॉन हे दोघेही पुढे मृत्युदंडाच्या विरोधात गेले. तरीही तो रद्द करण्याचे प्रस्ताव २०१२ आणि २०१६ साली पडले. २०१९ साली गव्हर्नर न्यूसम यांनी अंमलबजावणी स्थगित केली तेव्हा सातशेहून अधिक माणसे मृत्यूच्या रांगेत होती. स्थगिती म्हणजे कायद्याचे उच्चाटन नव्हे. नवा गव्हर्नर ती उठवू शकतो.

‘कायदा जनतेनेच केला, मग ब्रिग्ज यांना दोष का?’ असा युक्तिवाद केला जातो. पण त्याच दिवशी त्याच जनतेने सहावा प्रस्ताव फेकून दिला होता. याचा अर्थ जनता जात्याच क्रूर नव्हती. जेथे ज्यांच्यावर घाला यावयाचा होता ती माणसे संघटित होऊन मतदाराच्या दारात उभी राहिली, तेथे द्वेष हरला. जेथे ती दरिद्री, विखुरलेली आणि तुरुंगाच्या भिंतीआड होती, तेथे भीती जिंकली. रेगन यांच्यासारख्या मृत्युदंडाच्या पुरस्कर्त्यांनी सहाव्याला विरोध केला, याचेही नवल नको. शिक्षकाच्या पाठीशी मते होती, कैद्याच्या पाठीशी नव्हती.

प्रतिगामी पुढाऱ्याचा आरडाओरडा ऐकून चळवळी जाग्या होतात, हे चांगलेच आहे. मात्र त्याच पुढाऱ्याचा दुसरा हात त्याच वेळी काय लिहीत आहे, इकडे ज्या चळवळीचे लक्ष नसते, ती विजयाची मिरवणूक काढते आणि कायदा शत्रूचा चालतो.