वय वर्षे सतरा, दिवस शून्य

कुणाकडे मूल झालं की आपण 'मुलगा की मुलगी?' विचारतो. हॅट्रिकवाले विचारतात, "किती दिवसांचा?"

हॅट्रिक म्हणजे 1997 साली स्वीडनमध्ये सुरू झालेला संगणकावरचा फुटबॉल. यात लाथ मारायची नसते, क्लब चालवायचा असतो. तिथलं वर्ष 112 दिवसांचं. अकादमीतला पोरगा सतराव्या वर्षी मोठ्या संघात घेता येतो आणि युवा राष्ट्रीय संघाला वयाची अट. त्यामुळे सतरा वर्षं शून्य दिवसांचा पोरगा हिरा, आणि तेवढ्याच गुणांचा सतरा वर्षं शंभर दिवसांचा? रद्दी!

माझं भांडण आहे ते इथं.

राष्ट्रीय प्रशिक्षक खेळणाऱ्यांच्या मतांवर निवडून येतो. पण पोराला घडवतो कोण? क्लबचा मालक! आठवड्याला एकच कौशल्य शिकवायचं, तेही पोराला योग्य जागी सामन्यात उतरवून. कौशल्य वाढलं की पगार वाढतो आणि तो जातो मालकाच्या तिजोरीतून. प्रशिक्षकसाहेब नुसते निरोप धाडतात: "बचाव पुरे, आता पासिंग घ्या." आणि पोरानं वयाची अट ओलांडली की साहेबांना त्याचं नावही आठवत नाही!

कुणी म्हणेल, वाढत्या वयात शिकण्याचा वेग घटतो. कबूल. पण शंभर दिवस म्हणजे चौदा आठवडे. रिकरिंगचं खातं तीन महिने उशिरा उघडलं म्हणून पासबुक कुणी गटारात फेकतं का हो? मोठ्या राष्ट्रीय संघाला वयाची अट नाही. तिथं हे चौदा आठवडे भरून काढायला पोरापुढे वर्षंच्या वर्षं पडलेली असतात. तरीही तो बाजारात मातीमोल विकला जातो आणि पुढे त्याला कुणी शिकवत नाही. मग मोठ्या संघात माणसं नाहीत म्हणून हेच लोक गळा काढतात!

आमच्या वडिलांच्या पिढीत गुरुजींनी निम्म्या वर्गाचा जन्म 1 जूनला लावून हा प्रश्न सोडवला होता. संगणकाला तेवढी माणुसकी नाही. ती माणसांनीच दाखवायची.

तेव्हा उमेदवारहो, चषकाची आश्वासनं राहू द्या. 'युवा संघात न बसणाऱ्या पोरांची यादी मी मोठ्या संघाच्या प्रशिक्षकाकडे देईन, त्यांच्या मालकांनाही पत्रं लिहीन,' एवढं जो म्हणेल, माझं मत त्याला. बाकीच्यांनी कृपया पुढच्या खिडकीवर जावं.