नैसर्गिक म्हणजे निर्धोक?

‘नैसर्गिक आहे ना, मग अपाय कसला?’ हे वाक्य आपण इतक्या सहजपणे बोलतो की, ते तपासून पाहावे असे मनातही येत नाही. मला ते तपासावेसे वाटले ते त्वचेचा रंग गडद करणाऱ्या एका संप्रेरकाविषयी वाचताना.

अल्फा-एमएसएच हे त्याचे नाव. अवघ्या १३ अमिनो आम्लांची ही साखळी. येल विद्यापीठातील आरन लर्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५०च्या दशकात डुकराच्या पियुषिका ग्रंथीतून ती वेगळी केली. आपण उन्हात गेलो की, त्वचेतील पेशीच हे संप्रेरक तयार करतात. रंगपेशींना ते मेलॅनिन बनवण्याचा निरोप देते आणि ते मेलॅनिन पेशीच्या केंद्रकावर छत्रीसारखे पसरते. लग्नाच्या जाहिरातींत ज्या काळेपणाला आपण नाके मुरडतो, ती ही छत्री!

परंतु हा निरोप्या एकाच घरी थांबत नाही. तो मेंदूत भूक आवरतो, शरीरातील दाह शमवतो. म्हणूनच शरीर त्याला बेताने वापरते. रक्तात तो काही मिनिटेच टिकतो.

अमेरिकेत अॅरिझोना येथील शास्त्रज्ञांनी त्याच्या अधिक टिकाऊ, अधिक प्रभावी प्रतिकृती घडवल्या. त्यांपैकी मेलानोटान-२ हे उन्हात न बसता कातडी तांबूस करण्यासाठी पाश्चात्त्य देशांत चोरीछुपे विकले जाते. औषध म्हणून त्याला मान्यता नाही. मळमळ, चेहरा लाल होणे, तीळ काळे पडणे, नवे तीळ उगवणे हे त्याचे परिणाम. स्नायू व मूत्रपिंडे बिघडल्याच्याही नोंदी आहेत. विकणारे मात्र सांगतात, ‘हे तर शरीरातलेच!’ माझा आक्षेप नेमका येथे आहे. शरीरातले संप्रेरक बोलते आणि गप्प बसते. ही नक्कल गप्प बसू नये म्हणूनच घडवलेली आहे.

याचा अर्थ असे औषध वाईटच, असे मी म्हणत नाही. प्रोटोपॉर्फिरिया या आनुवंशिक विकारात साध्या उन्हानेही असह्य आग होते. अशा रुग्णांसाठी अफामेलानोटाइड या दुसऱ्या प्रतिकृतीला युरोपात २०१४ साली व अमेरिकेत २०१९ साली मान्यता मिळाली. १६ मिलिग्रॅमची बारीक कांडी डॉक्टर कातडीखाली बसवतात आणि वर्षातून दोनदा सर्वांगाची त्वचा तपासतात. येथे गरज आहे, मात्रा ठरलेली आहे, देखरेख आहे. माझ्या मते सुरक्षितता असते ती या तीन गोष्टींत. ‘नैसर्गिक’ या शब्दात नव्हे.

तिकडच्या लोकांना हसण्याचा अधिकार मात्र आपल्याला नाही. ते काळे होण्यासाठी सुई टोचून घेतात, आपण गोरे होण्यासाठी काय घटक आहेत हे न विचारता मलमे चोळतो. त्यांतल्या काहींत पारा असतो आणि तो मूत्रपिंडांना ग्रासतो. दिशा वेगळ्या, असमाधान एकच. आपल्या त्वचेने शहाणपणाने उघडलेली छत्री मिटवण्याची एवढी घाई आपल्याला का, याचा विचार आपण तरुणांनी नाही करायचा, तर कोणी?