धाव जूनमध्ये हवी

मुंबई मॅरेथॉन २००४ साली सुरू झाली आणि एखाद्या सामाजिक कामासाठी धावणे महाराष्ट्राच्या अंगवळणी पडले. बालपणीचा एडीएचडी (लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता) आणि वर्तनोपचार यांची माहिती लोकांपर्यंत पोहोचवण्यासाठी लांब पल्ल्याची धाव काढावी, ही कल्पनाही चांगलीच आहे. पण जागृती कोणाची करायची, कधी करायची आणि जागे झालेल्या माणसाने पुढे जायचे कुठे, हे आधी ठरवायला हवे. अहिल्यानगर जिल्ह्यातला पाथर्डी तालुका नजरेसमोर ठेवला की ही तिन्ही उत्तरे आपल्या सवयीपेक्षा वेगळी निघतात.

पाथर्डीसारख्या दुष्काळी तालुक्यात धावण्याचे अप्रूप नाही. पोलीस भरतीच्या १६०० मीटरसाठी पोरे पहाटेच रस्त्यावर असतात. वानवा आहे ती उपचाराची. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी यादीत एडीएचडी आहे. पथकाने वर्षातून एकदा शाळेत यायचे आणि शंका आली तर मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायचे, अशी रचना आहे. पाथर्डीहून अहिल्यानगर सुमारे ५० किलोमीटर, मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची. म्हणजे वर्तनोपचारासाठी आईने दर आठवड्याला मॅरेथॉनहून लांबचा पल्ला जाऊन-येऊन दोनदा गाठायचा आणि दिवसाची मजुरीही बुडवायची. तिसऱ्या भेटीला ती आली नाही की आपण उपचार करणारे केसपेपरवर ‘पालकांचे सहकार्य नाही’ असे लिहून मोकळे होतो.

आता वेळेचे. जगभर ऑक्टोबर हा एडीएचडी जागृतीचा महिना मानतात. इकडे त्याच सुमारास ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे बिऱ्हाड बांधायला लागतात. दसरा-दिवाळीच्या आगेमागे गाड्या भरतात आणि गाळप उरकेपर्यंत, मार्च-एप्रिलपर्यंत, बऱ्याच घरांना कुलपे. काही मुले आईबापांबरोबर फडावर, कोपीत राहतात. काही आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात. ऑक्टोबरात धाव काढली तर ज्यांना सांगायचे, ते आईबाप वाटेला लागलेले असतील.

या स्थलांतराचा निदानाशीही संबंध आहे. लक्षणे बाराव्या वर्षाच्या आत दिसू लागलेली, सहा महिने टिकलेली आणि घर, शाळा अशा किमान दोन ठिकाणी आढळणारी हवीत. पाच महिने शाळेबाहेर काढून परतलेले मूल वर्गात एका जागी बसत नाही, फळ्यावरचे उतरवून घेत नाही. त्याच्यावर लगेच शिक्का मारू नये. नीट ऐकू येते का, रक्त कमी आहे का, झोप पुरते का, हे आधी पाहावे. आईबाप अंधारात तोडीला निघतात, तेव्हाच कोपीतले मूलही उठते. उलट बाजूही आहे. वांड म्हणून मार खाणारा मुलगा सगळ्यांना दिसतो, पण गप्प बसून तंद्रीत हरवणारी मुलगी ‘मंद’ ठरून तशीच पुढच्या वर्गात जाते.

अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञ अकादमीची २०१९ची मार्गदर्शिका चार ते सहा वर्षांच्या मुलांसाठी पालकांचे प्रशिक्षण हा पहिला उपचार मानते. त्यापुढच्या वयात औषधाच्या जोडीने घरी आणि वर्गात वर्तनोपचार सुचवते. म्हणजे कोणत्याही वयात मुलाभोवतीच्या मोठ्या माणसांना शिकवणे सुटत नाही. पाथर्डीत ते मोठे माणूस पुष्कळदा आजी असते. तिलाच शिकवू या. एका वेळी एकच सूचना, तीही जवळ जाऊन. एकच वर्तन निवडायचे: जेवण झाले की ताट उचलून मोरीत ठेवणे. ठेवले की तिथल्या तिथे शाबासकी आणि भिंतीवरच्या कालनिर्णयात त्या तारखेला एक टिकली. तीन टिकल्या झाल्या की मुलाच्या आवडीचे काहीतरी. ताट नाही उचलले तर टिकली नाही. मार नाही, टोमणाही नाही. अक्षरओळख नसलेली आजीसुद्धा टिकली लावू शकते आणि पुढच्या भेटीत ते पान आपल्याला दाखवू शकते. वर्गशिक्षकांनी तेवढीच एक-दोन वर्तने रोज नोंदवून घरी कळवली, तर दोन्हीकडचा धागा जुळतो.

म्हणून धाव जूनच्या मध्याला, शाळा उघडतात तेव्हा काढावी. तिथून दसऱ्यापर्यंत किमान पंधरा आठवडे हाती असतात. पालक-प्रशिक्षणाचा एक पूर्ण क्रम त्यात आरामात बसतो. गोळा झालेला पैसा टी-शर्ट आणि पदकांवर न उडवता तालुक्याच्या ठिकाणी भरणाऱ्या सत्रांवर आणि आई-आजींच्या प्रवासखर्चावर घालावा. धावल्याने एडीएचडी बरा होतो, असा समजही फलकांवरून पसरू देऊ नये. व्यायाम मुलाला हितकारक आहे, पण तो उपचाराची जागा घेत नाही.

वाचकांपैकी जे धावणार आहेत, त्यांनी नाव नोंदवतानाच एका केंद्रशाळेतल्या पालक-प्रशिक्षणासाठी आठ शनिवार राखून ठेवावेत. तेवढे जमणार नसेल, तर धावेचा घाट घालू नये.