पावती कुणाच्या नावाने फाडायची?



ताडकळसला शेतमजूर आणि बचत गटातल्या बायांबरोबर बसलो होतो. विषय ठरला होता रोजगार हमीच्या मजुरीचा. पण दोघीजणी अर्धा तास उशिरा, घामाघूम होऊन आल्या. "फाट्यावर पोलीस हुबे व्हते. जीपवाल्यानं अलीकडंच उतरवलं, म्हनला चालत या. आन् पुढं जाऊन थांबला बी नाही." एवढे त्यांनी सांगितले आणि रोजगार हमी बाजूला राहिली. प्रत्येकीकडे फाट्यावरची, नाक्यावरची एक तरी गोष्ट होती. वाहतुकीचा कायदा, हेल्मेट, चलान हे शहरातल्या गाडीवाल्यांचे विषय, असे आपण धरून चालतो. त्या दिवशी आमचाही तो समज गेला.

ज्या बाईच्या नावावर गाडी नाही, जिच्याकडे परवाना नाही, जिला कधी कुणी पावती दिलेली नाही, तिच्यावर या कायद्याचा परिणाम होतो का? होतो, आणि तो तिच्या पायांवर होतो. दहा जणांच्या जीपमध्ये अठरा माणसे बसली तर गुन्हा चालकाचा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा प्रवाशामागे २०० रुपये दंड आहे. तो वाचवायला चालक बायांना अलीकडे उतरवतो. पुरुषही उतरतात, पण ते कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून पुढे जातात. बाई डोक्यावर गाठोडे, कडेवर लेकरू घेऊन चालते. दिवस मावळला असेल तर घरी गेल्यावर "इतका उशीर कुठं होतीस" याचा जबाबही तिलाच द्यावा लागतो. कायद्याची अंमलबजावणी झाली, दंड चुकला, नोंद कुठेच नाही!

मग पोलिसांनी जादा प्रवासी वाहणाऱ्या गाड्या सोडून द्याव्यात, अशी मागणी आपण करायची का? बैठकीत दोघी-तिघींनी ती केलीही. "एसटी येत नाही तवा जीपच आमची एसटी." त्यात खोटे काही नाही. १७ मार्च २०२३ पासून राज्यात एसटीच्या प्रवासात बायांना निम्मे भाडे झाले, ते चांगलेच झाले. पण जी गाडी गावात येतच नाही तिचे निम्मे भाडे काय आणि पूर्ण भाडे काय? सवलत तिकिटावर मिळते, फेरीवर नाही. फेऱ्या वाढत नाहीत तोवर बाया काळीपिवळीत, टमटममध्ये, मालाच्या पिकअपमध्ये आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसणार.

आणि नेमके इथेच आम्हाला "सोडून द्या" असे म्हणता येईना. ४ एप्रिल २०२५ ची सकाळ आपल्या भागात कुणी विसरलेले नाही. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातल्या, वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या मजूर बाया ट्रॅक्टरने कामाला निघाल्या होत्या. नांदेड तालुक्यातल्या आलेगावच्या शिवारात तो ट्रॅक्टर ट्रॉलीसकट पाण्याने भरलेल्या विहिरीत गेला. सात बाया बुडून मेल्या. मुख्यमंत्री निधीतून पाच लाख आणि पंतप्रधान निधीतून दोन लाख रुपयांची मदत जाहीर झाली. विहीर शेतात होती, रस्त्यावर नव्हती, तिथे पोलीस असता तर टळले असते असे म्हणणे उथळपणाचे होईल. पण असे ट्रॅक्टर रोज सकाळी आपल्या गावांतून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, बाया भरून निघतात. पेरणीत निघतात, कापूस वेचणीत निघतात, हळद काढणीत निघतात. कारखान्याच्या हंगामात तर संसारासकट निघतात. त्यांना कुणी अडवत नाही. अडवले तरी मालकाचा फोन येतो आणि गाडी सुटते.

ही मदत आणि भरपाई यांतला फरक आपल्या कार्यकर्त्यांनीही नीट समजून घ्यायला हवा. मदत सरकारच्या मनावर आहे. एखादा अपघात मोठा असला, वर्तमानपत्रात आला, तर ती मिळते. दोन बाया मेल्या तर बहुधा मिळत नाही. भरपाई हा हक्क आहे, मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे मागायचा हक्क. पण शेतीचा ट्रॅक्टर कायद्याच्या दृष्टीने चालकापुरता, आणि ट्रॉली मालापुरती. त्यात बसलेल्या माणसाचा विमा नसतो. सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी खटल्यात २००२ साली स्पष्ट केले, की मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या प्रवाशाच्या मृत्यूबद्दल विमा कंपनी जबाबदार नाही. २००७ च्या ब्रिजमोहन खटल्यातला जखमी तर मजूर होता, वीटभट्टीच्या मातीच्या कामावर ट्रॉलीत बसून निघालेला. तिथेही न्यायालयाने विमा कंपनीची जबाबदारी मानली नाही. आपला विशेष अधिकार वापरून, कंपनीने आधी रक्कम द्यावी आणि मग मालकाकडून वसूल करावी, एवढे केले. प्रत्येक मजुराच्या वाट्याला असा विशेष अधिकार येत नाही.

याचा अर्थ काय होतो पाहा. कायदा मोडून गाडीत बसवतो मालक. मजुरीच्या ठिकाणी कसे न्यायचे हे ठरवतो मालक किंवा मुकादम. बाईला विचारतो कोण? आणि अपघात झाला की तिच्या लेकरांच्या हातून विम्याचे पैसे जातात. मालकावर दावा लावता येतो, पण ज्याच्या शेतात उद्या पुन्हा कामाला जायचे त्याच्यावर दावा लावायला किती घरे धजावतील? (अशा दाव्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. २०१९ च्या दुरुस्तीतली ही अट १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. तिला न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, तरी आपण मुदतीच्या आत अर्ज केलेला बरा. तेरावे, वर्षश्राद्ध, भावकीची बोलणी यात सहा महिने कधी जातात कळत नाही.)

म्हणून ट्रॉली अडवायलाच हवी, असे आम्हाला वाटते. पण ती अडवून बायांना रस्त्यावर उतरवून मोकळे व्हायचे, हे नको. गुन्ह्याची नोंद मालकाच्या नावाने व्हावी, आणि उतरवलेल्या बायांना पुढे पोहोचवण्याची सोय त्याच मालकाच्या खर्चाने व्हावी. तसे होत नाही तोवर आमच्या भाषेत ती अंमलबजावणी नव्हे, नुसती गैरसोय आहे.

आता मोटारसायकलकडे वळू. रस्त्यावर सगळ्यात जास्त अडवली जाते ती हीच, कारण अडवायला सोपी. हेल्मेटचा कायदा चालवणाऱ्याला आहे तसाच मागे बसणारीलाही आहे. कायद्यात १,००० रुपये दंड आणि तीन महिने परवाना अपात्र अशी तरतूद आहे. आपल्यातल्या कित्येकींना हा जुलूम वाटतो. अंबाड्याचे काय, पदराचे काय, एकच हेल्मेट घरात आणि ते नवऱ्याच्या डोक्यावर! दिल्लीत तर २०१४ पर्यंत बायांना हेल्मेटमधून सूटच होती. सूट म्हणजे सन्मान नव्हे, बाईचे डोके फुटले तरी चालेल असा त्याचा अर्थ. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण मेले. त्यांपैकी १४,३३७ जण गाडी चालवत नव्हते, मागे बसले होते. मागे कोण बसते, हे आपल्या गावच्या रस्त्यावर उभे राहून कुणीही पाहावे.

याच कायद्याच्या नियमांत एक गोष्ट खास आपल्यासाठी आहे आणि तिची आठवण कुणालाच नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम सांगतो, की मोटारसायकलला मागे बसणाऱ्यासाठी धरायला दांडी हवी, पाय ठेवायला जागा हवी आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारी जाळी हवी, म्हणजे कपडा चाकात जाणार नाही. आपण तिला साडीगार्ड म्हणतो. गाडी "स्मार्ट" दिसावी म्हणून पोरे ती काढून टाकतात. पदर, ओढणी चाकात अडकून बाई खाली आपटल्याच्या बातम्या येत राहतात. पण जाळी नाही म्हणून कुणाची पावती फाडलेली तुम्ही पाहिली आहे का? आम्ही तरी नाही.

परवाना असलेल्या, स्वतः स्कूटी चालवणाऱ्या आशा, अंगणवाडीताई, शिक्षिका यांचे प्रश्न आणखी वेगळे. एकीने सांगितले ते ऐकून आम्ही सगळ्याच गप्प झालो. गाडी नवऱ्याच्या नावावर. कॅमेऱ्याने फोटो काढला, चलान झाले, आणि संदेश गेला नवऱ्याच्या मोबाईलवर, तारीख, वेळ आणि ठिकाणासकट. ती त्या दिवशी आईला भेटायला गेली होती, घरी न सांगता. चलान ५०० रुपयांचे होते, घरी चुकते करावे लागले ते वेगळेच. रोख पैशाची देवाणघेवाण थांबावी म्हणून आपण या यंत्राचे स्वागत केले आणि ते योग्यच आहे. पण जिच्या नावावर गाडी नाही तिच्या येण्याजाण्यावर ते यंत्र पहाराही ठेवते, हे यंत्र आणणाऱ्यांच्या मनात आले नसणार. गाडी बायकांच्या नावावर करा, असे आपण घर आणि शेतीच्या बरोबरीने का म्हणत नाही?

फाट्यावर अडवल्यावर काय करायचे याचीही बरीच चर्चा झाली. गणवेशातल्या पोलिसाने मागितला तर परवाना दाखवावा लागतो. कागदपत्रे मोबाईलवर डिजिलॉकरमध्ये असली तरी चालतात. कागद जप्त केला तर त्याची पोच मागायची. चावी काढून घेण्याचा वेगळा अधिकार कायद्यात लिहिलेला नाही. ठरावीक गुन्ह्यांत गाडी ताब्यात घेता येते, पण त्याची रीतसर नोंद व्हावी लागते. बाईची झडती बाईनेच घ्यायची, आणि सूर्यास्तानंतर बाईला अटक करायची नाही. अपवाद फार थोडे. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी संहितेच्या जागी नागरिक सुरक्षा संहिता आली, तिच्यातही हे कायम आहे.

पण नियम पाठ असणे वेगळे आणि तोंडातून शब्द फुटणे वेगळे. "चल ठाण्यात" हे दोन शब्द पुरुषाला धमकी वाटतात, बाईला त्याहून जास्त काही वाटते. १९७२ साली देसाईगंजच्या ठाण्यात मथुरेवर काय झाले आणि सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना कसे सोडले, त्यातूनच तर आपली चळवळ उभी राहिली. लांब कशाला जायचे? डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर धरपकड झाली, वस्त्यांतल्या बायांनाही मारहाण झाल्याच्या तक्रारी आल्या, आणि अटकेतल्या सोमनाथ सूर्यवंशी या तरुणाचा १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. गुन्हा नोंदवा असा आदेश मिळवायला त्याच्या आईला उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. तो जुलै २०२५ मध्ये मिळाला. या जिल्ह्यातली बाई फाट्यावर खाकी कपडा पाहून घाबरली, तर तिला भित्री म्हणू नये.

महिला पोलीस नेमा, ही मागणी आपण पूर्वीपासून करतो. राज्यात पोलीस भरतीत बायांना ३० टक्के आरक्षण आहे. झडतीसाठी, बोलण्यासाठी बाई समोर असलेली केव्हाही चांगली. पण त्यातून लाच बंद होईल असे कुणी सांगू लागले की आम्ही सावध होतो. पेरू देशात लिमा शहरात १९९८ पासून वाहतुकीचे काम मुख्यतः बायांकडे दिले गेले, कारण काय, तर बाया पैसे खात नाहीत! बाईच्या अंगी जन्मतः सद्गुण असतो असे म्हणून तिला उन्हातान्हात धुरात उभे करायचे आणि ठाणेदाराची खुर्ची मात्र आहे तिथेच ठेवायची, याला आपण बदल म्हणणार का? ज्या महिला शिपाई दिवसभर फाट्यावर उभ्या असतात त्यांना लघवीला जायला जागा नसते. त्यांच्याशीही आपण बोलायला हवे. त्या आपल्यातल्याच आहेत.

ताडकळसच्या बायांनी बैठकीच्या शेवटी दोन निवेदने लिहायचे ठरवले. एक एसटीच्या आगाराला, सकाळी मजुरीच्या वेळेला आणि संध्याकाळी परतीच्या वेळेला एकेक फेरी द्या म्हणून. दुसरे पोलिसांना, हंगामापूर्वी ट्रॅक्टर आणि पिकअपच्या मालकांना ठाण्यात बोलावून ताकीद द्या, नोंद करा, आणि गाडी अडवली तर बायांना अर्ध्या वाटेत सोडू नका म्हणून. साडीगार्डचे कलम एकीने हट्टाने घालायला लावले. तिची ओढणी दोनदा चाकात गेली आहे.

ही निवेदने जशीच्या तशी याच अंकात शेवटच्या पानावर छापली आहेत. तुमच्या तालुक्यात द्यायची असतील तर गावाचे नाव बदलून वापरा. आणि तुमच्याकडे मजूर बायांना कामावर कोणत्या गाडीतून नेतात, गाडी कुणाची असते, अपघात झाला तेव्हा भरपाई मिळाली का, मिळाली तर कुणाकडून, हे आम्हाला पत्राने कळवा. नावे देऊ नका, गावाचे नाव पुरे.