महाविद्यालयीन ग्रंथालय आणि १९५० नंतरची मराठी नियतकालिके

मराठी वाङ्मयाच्या इतिहासलेखनात ग्रंथाला जेवढे महत्त्व मिळाले तेवढे नियतकालिकाला मिळाले नाही, ही गोष्ट आता नव्याने सांगण्याची गरज नाही. परंतु नियतकालिके जेथे जतन व्हावयाची त्या महाविद्यालयीन ग्रंथालयांचा विचार वाङ्मयाच्या अभ्यासकांनी क्वचितच केला आहे. ग्रंथालय हा ग्रंथपालाचा विषय आणि वाङ्मय हा प्राध्यापकाचा, अशी एक सोयीची वाटणी विद्यापीठीय व्यवहारात रूढ झाली आहे. या वाटणीची मोठी किंमत मराठवाड्यातील आधुनिक वाङ्मयाला, आणि त्यातही दलित साहित्याच्या अभ्यासाला, मोजावी लागत आहे, असे म्हटल्यास ते अतिशयोक्त ठरू नये.

शंकर गणेश दाते यांनी सिद्ध केलेल्या ‘मराठी ग्रंथसूची’चा पहिला खंड १८०० ते १९३७ या काळाचा, तर दुसरा १९३८ ते १९५० या काळाचा आहे. एका व्यक्तीने आयुष्य वेचून केलेले हे काम मराठी संशोधनाचा पाया ठरले. १९५० पूर्वीच्या एखाद्या पुस्तकाचा शोध घेणाऱ्या अभ्यासकाला निदान कोठून आरंभ करावा हे ठाऊक असते. त्यानंतरच्या काळासाठी तेवढा भक्कम आधार त्याच्यापाशी नाही, आणि नियतकालिकांतील लेखनाच्या बाबतीत तर ही उणीव अधिकच जाणवते.

हे १९५० साल मराठवाड्याच्या दृष्टीने विलक्षण अर्थपूर्ण आहे. हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ रोजी मुक्त झाले. तोवर या भागात उच्च शिक्षणाचे माध्यम मुख्यतः उर्दू होते आणि पदवीच्या शिक्षणासाठी विद्यार्थ्याला हैदराबादची वाट धरावी लागे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४५ मध्ये स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबाद येथे महाविद्यालय सुरू केले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसविण्यात आली. पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झालेल्या या संस्थेचा परिसर नागसेनवन या नावाने ओळखला जातो. म्हणजे ज्या वर्षी दात्यांची सूची थांबते, त्याच वर्षी मराठी वाङ्मयाला वेगळे वळण देणाऱ्या लेखकांची आणि वाचकांची पिढी घडविणाऱ्या एका केंद्राचा आरंभ होतो. पुढे जे लिहिले गेले ते जवळजवळ सर्व सूचीच्या कक्षेबाहेरचे आहे.

हे लेखन प्रथम ग्रंथरूपाने अवतरले नाही. प्राचार्य डॉ. म. ना. वानखेडे आणि डॉ. गंगाधर पानतावणे यांनी नागसेनवनात ज्या वाङ्मयीन चर्चेला चालना दिली, ती प्रामुख्याने सभांतून आणि नियतकालिकांतून झाली. पानतावणे यांनी चालविलेल्या ‘अस्मितादर्श’ या त्रैमासिकाने १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून दलित लेखकांना हक्काचे व्यासपीठ दिले. याच काळात अनंत भालेराव यांच्या ‘मराठवाडा’ पत्राने १९६९ च्या दिवाळी अंकात दलित साहित्याची चर्चा घडवून आणली. या चर्चेचा उल्लेख दलित साहित्याच्या इतिहासात वारंवार येतो, परंतु तो मूळ अंक उघडून वाचणारे किती आणि नंतरच्या संकलनांवर विसंबून राहणारे किती, असा प्रश्न विचारल्यास उत्तर फारसे समाधानकारक येणार नाही. संकलनात निवडक लेख येतात. मूळ अंकात मात्र त्यांच्या शेजारी कोणती कविता होती, कोणत्या पत्रातून कोणी प्रतिवाद केला, जाहिराती कोणाच्या होत्या, वर्गणी किती होती, हे सारे असते. वाङ्मयीन चळवळ समजून घ्यावयाची तर हा शेजार टाळून चालत नाही.

हे अंक हरवतात कसे, हे पाहिल्यास मात्र ग्रंथपालाला दोष देता येत नाही. महाविद्यालयात ग्रंथ आला की त्याची दाखल नोंदवहीत नोंद होते, त्याला क्रमांक मिळतो, आणि तो काढून टाकावयाचा झाल्यास निर्लेखनाची रीतसर प्रक्रिया करावी लागते. नियतकालिकाच्या सुट्या अंकाला सामान्यतः हे संरक्षण नसते. तो आल्याची नोंद वेगळ्या पत्रकावर होते आणि वर्षाचे अंक एकत्र बांधले गेले तरच त्या बांधीव खंडाला ग्रंथाचा दर्जा मिळतो. बांधणीसाठी पैसा लागतो आणि वर्षाचे सर्व अंक हाताशी असावे लागतात. त्रैमासिकाचा एक अंक जरी टपालात गहाळ झाला, तरी बांधणी पुढे ढकलली जाते. पुढे ढकललेले गठ्ठे माळ्यावर जातात आणि इमारतीच्या दुरुस्तीच्या वेळी रद्दीत निघतात. या प्रक्रियेत कोणताही नियम मोडला जात नाही, आणि त्यामुळेच या हानीची दाद कोठेही लागत नाही. महाविद्यालयाच्या स्वतःच्या वार्षिक अंकाची अवस्था तर याहून बिकट आहे. तो फुकट वाटला जातो, म्हणून तो मौल्यवान आहे असे कोणाला वाटत नाही. वस्तुतः खेड्यातून आलेल्या पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याची पहिली कविता छापली जाते ती याच अंकात.

दुसरी अडचण वर्गीकरणाची. दशांश वर्गीकरणात मराठी साहित्याला ८९१.४६ हा क्रमांक आहे, तर चरित्रे ९२० च्या गटात जातात. दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८) किंवा नागसेनवनाशी निगडित असलेल्या प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९) एका ग्रंथालयात साहित्याच्या कपाटात आढळते, तर दुसऱ्यात चरित्रांच्या. दोन्ही निर्णयांचे समर्थन करता येते. परंतु आत्मकथन एका दालनात, त्याची समीक्षा दुसऱ्या दालनात आणि ते लेखन ज्या चळवळीतून आले तिचे अंक कोठेच नाहीत, अशा स्थितीत विद्यार्थ्याच्या मनात त्या तिघांचा संबंध जुळणार कसा? कपाटांची मांडणी हेही एक वाङ्मयीन विधान असते, याचे भान वाङ्मयाच्या प्राध्यापकाने ठेवावयास हवे.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, आता सर्व काही संगणकावर उपलब्ध आहे. २०१० मध्ये सुरू झालेल्या ‘एन-लिस्ट’ योजनेने लहान महाविद्यालयांनाही इलेक्ट्रॉनिक ग्रंथ आणि नियतकालिकांचे दार उघडून दिले. ‘शोधगंगा’मुळे देशभरातील प्रबंध वाचता येऊ लागले. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र शासनाने मंजूर केलेल्या ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेत तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद असून तीस आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके तिच्या कक्षेत येतात. या योजनांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्यांचा लाभ थेट मिळतो. परंतु आंतरराष्ट्रीय प्रकाशकांच्या यादीत मराठी त्रैमासिक असण्याचा संभव नाही. प्रतिमांकन करावयाचे तरी त्यासाठी मूळ अंक कोणीतरी राखून ठेवलेला असावा लागतो. यंत्र प्रत काढू शकते, हरवलेला अंक परत आणू शकत नाही.

जागेचा आक्षेप अधिक खरा आहे. महाविद्यालयीन ग्रंथालय हे प्रथमतः शिकणाऱ्या मुलांसाठी असते. क्रमिक पुस्तकांच्या प्रती आणि स्पर्धापरीक्षांची तयारी करणाऱ्यांसाठी बसण्याची जागा यांना प्राधान्य मिळणे न्याय्य आहे. अनेक ठिकाणी ग्रंथपालाचे पद रिकामे असते आणि एखाद्या लिपिकावर सारा भार असतो. अशा ग्रंथालयाने सर्व काही जपावे, ही अपेक्षा निष्ठुरपणाची होईल. म्हणूनच हे काम एकेका ग्रंथालयावर न सोपविता ते वाटून घेणे इष्ट ठरते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेतील छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव या चार जिल्ह्यांतील महाविद्यालयांनी आपापल्याकडे कोणत्या मराठी नियतकालिकाचे कोणते अंक आहेत एवढीच यादी प्रथम करावी. एका ठिकाणी नसलेला अंक दुसऱ्या ठिकाणी असतो. अशा रीतीने पूर्ण झालेला संच कोणत्या महाविद्यालयाने सांभाळावयाचा, हे नंतर परस्परसंमतीने ठरविता येईल.

या कामी मराठी विभागांची जबाबदारी मोठी आहे. पदव्युत्तर विद्यार्थी दरवर्षी लघुप्रबंध लिहितात, आणि त्यांतील बरेचसे विषय पुन्हापुन्हा हाताळलेले असतात. त्यांपैकी काही विद्यार्थ्यांना एकेका नियतकालिकाची दहा वर्षांची लेखकसूची व विषयसूची करण्याचे काम दिले, आणि त्याला समीक्षात्मक लघुप्रबंधाइतकेच गुण व प्रतिष्ठा दिली, तर थोड्याच वर्षांत या विभागाच्या वाङ्मयाचा एक विश्वसनीय नकाशा तयार होईल. सूची करणे हे कारकुनी काम आहे हा समज दात्यांच्या उदाहरणानंतर तरी टिकावयास नको होता. ग्रंथालयाच्या वार्ताफलकावर नव्या पुस्तकांच्या वेष्टनांबरोबर ‘या महिन्यात मिळालेले जुने अंक’ अशी एक नोंद लागली, तरी गावातील जुन्या वाचकांच्या घरी पडून असलेले अंक ग्रंथालयाकडे येऊ लागण्याची शक्यता आहे.

या शहराला नियतकालिकांची परंपरा नवी नाही. मौलवी अब्दुल हक यांनी १९१३ मध्ये अंजुमन-तरक्की-ए-उर्दूचे कार्यालय येथे आणले आणि १९२१ पासून ‘उर्दू’ हे त्रैमासिक येथून निघू लागले. उर्दूच्या अभ्यासकाला ते अंक आजही पाहावे लागतात. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात जतन झालेल्या बाबासाहेबांच्या ग्रंथांवरील अधोरेखने पाहून जॉन ड्यूई यांच्या विचारांशी त्यांचे नाते अभ्यासकांना नव्याने उलगडता आले. हे शक्य झाले ते कोणीतरी ते ग्रंथ त्यांतील खुणांसह राखून ठेवले म्हणून. नागसेनवनातून उभ्या राहिलेल्या साहित्याचा इतिहास पुढील पिढीला लिहावयाचा झाल्यास तिच्यापुढे मूळ अंक असतील की केवळ उल्लेखांचे उल्लेख, याचा निर्णय आज माळ्यावर पडलेल्या गठ्ठ्यांचे काय होते त्यावर अवलंबून आहे.