शंभरातून सात वजा करताना

"आजी, शंभरातून सात वजा करा. जे उरतील त्यातून पुन्हा सात."

"कुणी कुणाला द्यायचेत, ते सांग की बाई," आजी म्हणाली.

समोरच्या प्रशिक्षणार्थी मुलीने शून्य गुण मांडले. मग घड्याळ काढायला सांगितलं. चाळीस वर्षं आठवडी बाजारात भाजी विकणाऱ्या, सहीच्या जागी अंगठा उठवणाऱ्या माझ्या आजीने पहिल्यांदाच पेन्सिल धरली. गोल वाकडा आला, आकडे आलेच नाहीत. अहवालात लिहिलं होतं: स्मृतिभ्रंशाची शक्यता. त्या दिवसापासून आम्ही घरच्यांनीच तिच्या हातात पैसे देणं बंद केलं. तिचा बाजार सुटला.

सहा महिन्यांनी दुसऱ्या रुग्णालयात एका अनुभवी मानसशास्त्रज्ञ बाईंनी आधी तिच्याशी निवांत बोलून घेतलं. ती घरात काय काय करते, हे आम्हाला विचारलं. शाळा न शिकलेल्यांसाठीचे निकष लावून पुन्हा चाचण्या घेतल्या. निदान निघालं नैराश्याचं. आजोबांना जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

मी समाजशास्त्रात पीएच.डी. करते. 'या चाचण्याच ब्राह्मणी आहेत, फेकून द्या' असं म्हणणं मला सोपं आहे. पण ते आपल्या लोकांच्या कामाचं नाही. बांधकामावरून पडलेल्या मजुराची स्मरणशक्ती किती गेली, पक्षाघातानंतर भाषेवर काय परिणाम झाला, हे सांगायला न्यूरोसायकॉलॉजी लागतेच. नुकसानभरपाई मागतानाही असा अहवाल उपयोगी पडतो.

शिवाय उत्तर देशातच आहे. बंगळुरूच्या निम्हान्सने २००४ साली आपला न्यूरोसायकॉलॉजी चाचणीसंच प्रसिद्ध केला. त्यात निरक्षर, शाळा शिकलेले आणि कॉलेज शिकलेले यांचे निकष वेगवेगळे आहेत. हरियाणातल्या बल्लभगडमध्ये निरक्षर ग्रामीण वृद्धांसाठी परदेशी चाचणी बदलून हिंदी चाचणी तयार झाली. म्हणजे ज्ञान आहे. गर्दीच्या ओपीडीत ते वापरायचं भान मात्र अनेकदा नसतं.

हे भान कुठून येणार? अर्जावर 'शिक्षण' हा एक साधा रकाना असतो. ज्याच्या घरात तीन पिढ्या शिकलेल्या आहेत, त्याला तो साधाच वाटतो. आपल्याला त्या रकान्यात जात दिसते, बाईपण दिसतं. आजी शाळेत का गेली नाही, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. म्हणून टेबलाच्या त्या बाजूला आपली माणसं हवीत.

तिथवरची वाट मात्र नीट समजून घ्या. एम.ए. सायकॉलॉजी केलं म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट झालो, असा समज घेऊन आपली कितीतरी मुलं दोन वर्षं आणि घरचे पैसे घालवतात. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि तिच्याकडे नोंदणी लागते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्येही क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कोणाला म्हणायचं, ते लिहिलेलं आहे. आजवरचा मुख्य रस्ता होता दोन वर्षांची एम.फिल. इतर विषयांतली एम.फिल. बंद झाल्यावर यूजीसीने हिला २०२५-२६ पर्यंत मुदत दिली होती. पदव्यांची नावं बदलताहेत, नवे अभ्यासक्रम येताहेत. म्हणून फी भरण्याआधी त्या संस्थेला, त्या अभ्यासक्रमाला, त्या वर्षासाठी मान्यता आहे का, हे आरसीआयच्या संकेतस्थळावर स्वतः बघा. कॉलेजच्या माहितीपत्रकावर विसंबू नका. सरकारी संस्थांमध्ये आरक्षण आहे, काही ठिकाणी विद्यावेतनही मिळतं. खासगी संस्थेच्या फीला घाबरून मागे फिरण्याआधी तिथे अर्ज करा.

आजी आता पुन्हा बाजारात बसते. परवा एका गिऱ्हाईकाने शंभराची नोट दिली, भाजी त्र्याण्णवची झाली होती. आजीने न बघता कनवटीतून सात रुपये काढून दिले.